पाहुण्यांना काटे चारल्याची खरी हकीकत

रहिमतपूर, मळ्यातली वस्ती
मार्गशीर्ष वद्य सप्तमी, शके १८६८

तीर्थस्वरूप नानासो दादा यांच्या पायांवर मामेभाऊ ज्ञानू याचं डोकं.

थंडी पडली आहे, तेव्हा तुमचा गुडघा पुन्हा बोलू लागला असेल, म्हणून आधी त्याचीच चौकशी करतो. एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधावं आणि बांधल्यावर दुकानाच्या पायऱ्या चढू नयेत. (तुम्ही चढणार हे मला ठाऊक आहे, पण लिहिणं माझं काम.) वहिनींचा खोकला थांबला नसेल तर अडुळशाचा रस द्यावा. थांबला असला तरी द्यावा, कारण सांगलीला येणाऱ्या माणसाबरोबर मी बाटली पाठवून चुकलो आहे. इकडे शाळू पोटरीत आला आहे, म्हैस वेळेवर दूध देते, माझी सकाळची पूजा आणि सांजेचं भजन चाललं आहे. सर्व क्षेम आहे एवढं लिहून पत्र संपवलं असतं. पण परवा तुमचं कार्ड आलं. त्यात तीनच ओळी होत्या, आणि तिसऱ्या ओळीला तुम्ही टाक दोनदा बुडवलेला दिसतो : 'विट्याच्या पाहुण्यांना तू काटे खाऊ घातलेस हे खरे काय?'

दादा, ते काटे नव्हते. पत्रावळी टाचायच्या काड्या होत्या. आणि त्या खाऊ घातल्या नाहीत. एकाच माणसानं एक खाल्ली, ती त्यानं आपल्या मनानं खाल्ली. पण तो एक माणूस म्हणजे खुद्द लालासाहेब, मुलीचे वडील. त्यामुळे बातमी जरा मोठी होऊन सांगलीला पोचली असावी. विट्याहून सांगलीला जाईपर्यंत काडीचा काटा होतो, तर आणखी दोन गावं मध्ये असती तर मी पाहुण्यांना बाभूळच वाढली असती, असं मनाशी म्हणून मी कार्ड देवाच्या कोनाड्यात ठेवलं आणि दोन दिवस विचार केला. विचार करून आता सगळं जसं घडलं तसं लिहितो. तुमच्या शब्दावर हे स्थळ आलं. ते राहिलं की गेलं हे आज मलाही ठाऊक नाही, आणि गेलं असेल तर का गेलं, एवढं तरी तुम्हाला कळलं पाहिजे.

तुम्हाला आठवत असेल, लालासाहेबांनी तुमच्याकरवी एकच गोष्ट विचारली होती. त्यांचा भाऊ परमुलखात सोनं गाळायचं दुकान चालवतो, तेव्हा घराण्याला वस्तू कसाला लावून बघायची सवय. त्यांनी शेत विचारलं नाही, विहीर विचारली नाही. विचारलं ते एवढंच, की तुमचा कृष्णात लढाईत इटलीला होता तेव्हा एका गोऱ्या म्हातारीच्या घरी राहिला होता म्हणतात, तर तिथं त्यानं काय खाल्लं आणि कुणाच्या हातचं खाल्लं. (ही बातमी त्यांच्या भागातल्याच एका पेन्शनीत निघालेल्या शिपायानं पेरली. लढाईतला माणूस घरी आला की त्याच्याजवळ देण्यासारखं दुसरं काय असतं.) मी तुम्हाला कळवलं होतं की समोरासमोर बोलू. खरं सांगायचं तर मी कृष्णातला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "बाबा, विचारलं तर डाळ-चपाती म्हणून सांग. डाळ-चपाती तू खाल्लीच आहेस, म्हणजे ते खोटं होत नाही." तो म्हशीला वैरण टाकायला उठला. मला वाटलं पटलं.

हा मुलगा भाद्रपदात परत आला तेव्हापासून तसा थोडकंच बोलतो. येताना त्यानं एक कांबळं आणलं, एक चाकू आणला, आणि जाताना मी त्याच्या गळ्यात घातलेली तुळशीची माळ जशीच्या तशी परत आणली. माझ्यापुरतं तेवढं पुष्कळ होतं. तो बहुतेक वेळ म्हशीजवळ बसे. एकदा म्हणाला, तिकडंही म्हशी आहेत, अगदी आपल्यासारख्या. हे ऐकून त्याच्या आईच्या, साळूच्या जिवाला बरं वाटलं. जिथं म्हैस आहे तिथली माणसं अगदीच वाईट नसणार, असं तिचं मत आहे, आणि इतक्या वर्षांत तिच्या मतांपैकी हे एक मी मान्य केलं.

पाहुणे 'घर बघायला' येणार हे ठरलं आणि कृष्णातनं एकदम तोंड उघडलं. म्हणाला, जेवणाआधीचा एक पदार्थ मी करणार. तांबड्या टोमॅटोची फोड, म्हशीच्या दुधाचा मऊ गोळा (त्याला तिकडे मोझरेला म्हणतात म्हणे) आणि वर एक हिरवं पान, असं एका काडीला टोचायचं आणि पाहुण्यांच्या हातात द्यायचं. चूल लागत नाही, फोडणी लागत नाही, लहान मूलही करील. मी विचारलं, "जेवणाआधी का?" तर म्हणाला, भूक लागावी म्हणून. दादा, यावर मी बराच वेळ विचार करत बसलो. आपल्या मुलखात भूक घालवण्यासाठी माणसं जन्मभर खपतात. ती मुद्दाम आणावी लागते असा मुलूख पृथ्वीवर असेल, आणि तिथंच लढाई व्हावी, ही देवाची लीला मला उलगडली नाही.

टोमॅटो कुठून आले हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यानं मला न विचारता तुम्हाला कार्ड टाकलं आणि तुम्ही मला न कळवता रेल्वेच्या पार्सलनं करंडी पाठवलीत, तेव्हा या हकीकतीत दोन आणे दोष तुमचाही आहे. आमच्या घरात ही वस्तू आजवर आली नव्हती. वडील म्हणत, विलायती वांगं आहे, कापलं की आत मासाच्या रंगाचं दिसतं, माळकऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. साळूनं करंडी सोप्यातच ठेवायला लावली. दोन दिवस आम्ही तिच्याकडे आणि ती आमच्याकडे बघत होती.

पण खरा घोळ दुधाचा झाला. म्हातारी काय करी, तर दूध नासवी, त्याचा चोथा कढत पाण्यात घाली आणि लांब लांब ओढी, वेणी घालायला केस ओढावे तसा, मग गोळे वळी. कृष्णातनं मळ्यातल्या खोपटात तीन दगड मांडून हे करून बघितलं. शेरभर दुधात लिंबू पिळलं. जे तयार झालं ते ओढलं की तुटे आणि दाबलं की विरघळे. कुत्र्यापुढं टाकलं तर ते वास घेऊन लांब जाऊन बसलं. (आमचं कुत्रं चपलाही खातं.) हे साळूला कळलं तेव्हा ती चुलीपुढून उठून बाहेर आली.

"आवं, ऐकलंसा का?" ती मला म्हणाली. तिला मुलाला रागवायचं असलं की ती माझ्याशी बोलते. "घरात सोयरीक यायचीय अन् ह्यो चांगलं दूध नासवतोय! भरल्या घरात दूध नासवाय कुणी सांगितलं ह्याला? त्या म्हातारीनं?"

"आई, तिकडं रोज नासवत्यात," कृष्णात म्हणाला.

"म्हणून तर लढाई झाली त्यांच्यात," साळू म्हणाली, आणि आत गेली.

मी नासलेलं भांडं घासायला घेतलं.

वाट मात्र तिनंच काढली. शेजारच्या मळ्यातली म्हैस नुकतीच व्याली होती आणि त्यांनी चीक पाठवला होता. साळू म्हणाली, तुला पांढरं, मऊ, म्हशीच्या दुधाचं आणि न नासवलेलं पाहिजे ना, मग खरवस घे. कृष्णातनं विचार केला आणि हो म्हणाला. फक्त एक अट घातली, की गूळ घालायचा नाही. साळूनं मान हलवली. आता मला सांगा, पस्तीस वर्षं ज्या बाईनं चिकात गूळ आणि वेलदोडा घातला, तिच्या हाताला एका सकाळी 'घालू नको' सांगून काय उपयोग? डोकं ऐकतं, हात ऐकत नाही. झाकण काढलं तेव्हा खरवस बदामी रंगाचा झाला होता आणि घरभर जायफळाचा वास सुटला होता. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "गूळ पडला की गं बाई!" जसा काही तो वरून पडला.

राहिलं पान. शनिवारी सकाळी मी पूजेची तुळस तोडत होतो, तेव्हा कृष्णात जवळ येऊन म्हणाला, "आबा, इस पानं जास्ती तोडा. उद्या रईवार, उद्या तुमी तोडणार न्हाई." मी कशाला म्हणून विचारलं नाही. घरात तुळस मागितली की ती देवाला हवी असणार, असं मी धरून चालतो. पानं ओल्या फडक्यात ठेवली. तुळस शिळी होत नसते. काड्याही माझ्याच. देवळातल्या पंगतीसाठी मी फावल्या वेळी पत्रावळी लावतो, त्याला म्हणून बांबूच्या बारीक काड्यांची एक जुडी मी सोलून ठेवलेली असते. म्हणजे काडी माझी, पान माझं, टोमॅटो तुमचे आणि खरवस साळूचा. कृष्णातचं त्यात काय होतं, हे मला नंतर कळलं.

रविवारी दुपारी मोटारीनं पाहुणे आले. लालासाहेब आणि त्यांची थोरली बहीण हरणाबाई, म्हणजे मुलीची आत्या, एवढे दोघंच. हरणाबाई विधवा आहेत, माळकरी आहेत, आणि त्या घरात लालासाहेब बोलतात पण ठरवतात त्या. सोप्यात घोंगडं अंथरलं, पाणी झालं, वाटेतल्या धुळीची विचारपूस झाली. तेवढ्यात कृष्णात ताट घेऊन आला. ताटात दहाबारा काड्या ओळीनं मांडलेल्या, एकेका काडीला एक तांबडी फोड, एक खरवसाची वडी आणि टोकाला तुळशीचं पान.

आता माझी चूक. दादा, मी ते पान बघितलं मात्र, आणि माझ्या हातानं आपोआप ताट घेतलं. पान ठेवलेलं अन्न म्हणजे नैवेद्य, हे माझ्या मनात इतकं मुरलेलं आहे की मी उठलो, आत जाऊन ताटाखाली पाण्याचा चौकोन काढला, देवाला दाखवलं, डोळे मिटले आणि बाहेर आणून ठेवलं. त्याआधी कृष्णात मिठाची चिमूट घेऊन आला होता, त्याला मी डोळ्यानं दटावलं. नैवेद्याच्या ताटात मीठ वाढत नाहीत. त्याला वरून कच्चं तेलही सोडायचं होतं, ते साळूनं सोडू दिलं नव्हतं. कच्चं तेल दिव्यात घालतात, पाहुण्यात नाही, असं ती म्हणाली होती. तेव्हा बाहेर आलं ते असं : आंबट फोड, मिठाशिवाय, गोड वडी, जायफळासकट, आणि वर देवाचा शिक्का. तो आता खाऊ नव्हता. प्रसाद होता. नको म्हणता येत नव्हतं, उष्टा टाकता येत नव्हता.

लालासाहेबांनी ताटाकडे बघितलं, मग चुलीकडच्या दाराकडे बघितलं, मग पुन्हा ताटाकडे. त्यांना वाटलं जेवण एवढंच आहे. विट्याहून धूळ खात आलेला माणूस. मी घाईनं सांगितलं की हे फक्त भूक लागण्यासाठी आहे. त्यावर ते म्हणाले, "आवं, ती मोटारीतच लागलीया."

हरणाबाईंनी मात्र काडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, पान काढून दात न लावता गिळलं, आणि सावकाश तांबडी फोड खाल्ली. मग वडी खाल्ली. मी देवाचं नाव घेत होतो. काडी ताटाच्या कडेला ठेवून त्यांनी कृष्णातकडे बघितलं.

"ही तुळस कुणी ठिवली रं?"

"मी ठिवली, आत्या. तिथं तिनं ठिवली व्हती."

"तिनं म्हंजी कुणी?"

मी म्हटलं, यंदा शाळू चांगला आहे. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, पोटरीतच आहे अजून. लालासाहेब पुढं सरकले. हातात काडी तशीच.

कृष्णात खाली बसला. इतक्या महिन्यांत मी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं, म्हणून त्याचे शब्द जसे आठवतात तसेच लिहितो. "ताप चढला व्हता, आत्या. पल्टन म्होरं गेली. पूल मोडलेला, दवाखान्याची गाडी येईना. मला त्या म्हातारीच्या घरात ठिवलं. मी काय खाईना. आबांनी माळ घातलेली, कुणाच्या हातचं काय खायाचं? तिला वाटलं मला रुचंना. मग एक दिस तिनं माळ बघितली. काय समजली म्हाईत न्हाई, तिची भाषा मला कुठं येतीया. दुसऱ्या दिशी आली ती हिरव्या काड्या घिऊन. माझ्या म्होरं सोलल्या, धुतल्या, चाकूनं टोमॅटोच्या फोडी केल्या अन् हात न लावता काडीनं टोचून माझ्या म्होरं धरल्या. अन् वर पान. मला वाटलं तुळस! लय रडलो. मग खाल्लं."

"फकस्त काडीनं खाल्लंस न्हवं?" लालासाहेबांनी विचारलं. त्यांनी वाट ठेवली होती, दादा. चांगला माणूस आहे. तिथंच 'व्हय' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. मी मुलाकडे बघून मान हलवली, 'व्हय म्हण' म्हणून.

"आठ दिस काडीनं," कृष्णात म्हणाला. "मग तिच्या हातची भाकरी बी खाल्ली. खोटं कशाला सांगू. तिच्या हाताला काय व्हतं म्हणून काडी मधी घालायची, असं वाटाय लागलं."

दाराआड साळूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. मी रोज देवापुढं उभा राहून खरं बोलायची बुद्धी मागतो. ती देवानं दिली, पण घरातल्या दुसऱ्याच माणसाला, आणि ज्या दिवशी नको होती त्या दिवशी. लालासाहेब म्हणाले, "म्हंजी बाटलास की रं."

"लालू," हरणाबाई म्हणाल्या, "हातातलं खा आदी. परसाद हाय."

लालासाहेबांनी बहिणीचा शब्द आजवर मोडलेला नाही. त्यांनी नजर कृष्णातवर ठेवूनच सबंध काडी तोंडात घातली, पान, फोड, वडी आणि बांबू. माणसाला ऊस खायची सवय, दाताखाली काडी आली तशी ती त्यांनी उसाच्या कांडीसारखी चघळायला घेतली. चघळता चघळता चोथा टाकायला जागा बघू लागले. मग त्यांच्या लक्षात आलं की प्रसाद आहे, थुंकता येत नाही. दादा, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी भक्तीच म्हणेन. डोळे मिटून त्यांनी गिळलं. त्यानंतर पाठीवर थापट्या मारणं, गूळपाणी, ताक, कोरडी भाकरी, सगळं झालं. काडी निम्मी बाहेर आली. निम्मी आली नाही.

या गडबडीत एक गोष्ट घडली ती मला सांगितली पाहिजे. हरणाबाईंनी दुसरी काडी उचलली आणि म्हणाल्या, "ग्वाड हाय की रं. तिचं बी असंच ग्वाड का?" कृष्णात म्हणाला, "तिचं खारं अन् पांढरं. आईनं गूळ घातला." आणि हसला. मुलगा आल्यापासून पहिल्यांदा हसला. साळू दाराआडून म्हणाली, "पडला गूळ, घातला न्हाई." तेव्हा हरणाबाईही हसल्या. लालासाहेब ताक पीत होते, त्यांना हसता आलं नाही.

जेवणं झाली. सगळे नीट जेवले, म्हणजे भूक लागते हे खरं. निघताना साळूनं उरलेला खरवस डब्यात घालून त्यांच्याबरोबर दिला, मुलीला म्हणून. होकार नाही, नकार नाही. मोटार सुटताना लालासाहेबांनी नमस्कार केला, तोही एका हातानं, दुसरा पोटावर होता. त्याला आज चौदा दिवस झाले. विट्याहून अक्षर नाही.

माझं मन शांत आहे. होणारं होतं. (साळूचं शांत नाही. ती करंडीकडे बघून रोज काहीतरी बोलते.) मला एवढंच कळत नाही, की सोयरीक गेली असेल तर ती म्हातारीच्या भाकरीनं गेली की माझ्या काडीनं. भाकरीनं गेली असेल तर मला वाईट वाटणार नाही. मुलगा खरं बोलला, त्याला मी आता काय सांगू? काडीनं गेली असेल तर मात्र ती चूक माझी. पत्रावळीची काडी पाहुण्याला देताना ही खायची नाही असं सांगावं लागतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

तेव्हा हात जोडून विनंती अशी, की गुडघा साथ देईल तसं तुम्ही एकदा विट्याला जाऊन यावं. लालासाहेबांची प्रकृती विचारावी, माझी माफी सांगावी, आणि मुलाची बाजू मांडावी. तुमचा शब्द ते ऐकतील. मुलाला लालासाहेबांची अंजना मनातून पसंत आहे. तो बोलत नाही, पण आमच्या म्हशीचंही तेच नाव होतं, ते त्यानं बदललं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो राहावा.

तुमचा धाकटा,
ज्ञानू

ता. क. — विट्याला जाऊ नये. हे पत्र टपालात पडायचं राहिलं होतं, आणि आज सकाळी विट्याच्या मोटारवाल्यानं साळूचा डबा आणून दिला. चिकाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे आपल्यात सगळे पाळतात, म्हणून साळूला वाटलं आत मूठभर गहू असतील. गहू नव्हते. बांबूच्या पन्नास काड्या होत्या. इतक्या गुळगुळीत सोललेल्या, की माझ्या काड्या मला लपवून ठेवाव्या लागल्या. आणि प्रत्येक काडीच्या एका टोकाला लाल दोरा गुंडाळलेला, म्हणजे खाणाऱ्यानं कुठं थांबायचं ते त्याला कळावं. मोटारवाला म्हणाला, अंजनानं आठ दिवस बसून केल्या. हरणाबाईंचा निरोप तोंडी आहे : पौष तोंडावर आला, माघातला मुहूर्त बघा, आणि लालूची काडी तिसऱ्या दिवशी आपली आपण गेली, काळजी नसावी. कृष्णात काड्या मोजत बसला आहे. पन्नासच आहेत हे त्याला तीनदा सांगून झालं.

ता. क. दुसरी — खरी विनंती आता करतो. वर लिहिली नाही, कारण ती मला कालच कळली. मी कृष्णातला विचारलं, त्या म्हातारीनं परक्याला, शत्रूच्या शिपायाला, एवढं का केलं? तेव्हा त्यानं सांगितलं. तिच्या भिंतीवर एका पोराचा फोटो होता. ती फोटोकडे बोट दाखवी आणि 'इंडिया, इंडिया' म्हणे. तिचा मुलगा कैदी होऊन आपल्या मुलखात कुठंतरी तारेच्या आत होता. दादा, मिरजेकडे परदेशी पाद्री आहेत, त्यांच्यापैकी कुणाला तिची भाषा येते का बघावं, आणि एक पत्र लिहवून घ्यावं. गावाचं नाव आणि तिचं नाव कृष्णात सांगेल, आडनाव त्याला ठाऊक नाही. लिहावं की तुमचा पाहुणा घरी पोचला, माळ गळ्यात आहे, माघात लग्न आहे. तिचा मुलगा पोचला का, हे विचारावं. तो इकडं असताना त्याला कुणी काडीनं का होईना, काही दिलं असेल का, हे आज पूजेच्या वेळीही मनातून गेलं नाही. माझ्या हातून तर दिलं गेलं नाही. आणि जमलं तर हेही विचारावं, की दूध नासवताना ती देवाची क्षमा कशी मागते. साळूला हवं आहे.

ता. क. तिसरी — टोमॅटोची एक करंडी माघाच्या बेतानं पाठवावी, पिकलेली, पण फुटलेली नको. वर मी लिहिलं आहे त्यावरून त्या दिवशी सोप्यात सगळ्यांनी प्रसाद घेतला असं तुम्हाला वाटेल. मी घेतला नाही. गडबडीत माझी काडी मी तुळशीकट्ट्यावर ठेवली आणि ती मुंग्यांनी खाल्ली. हे घरात कुणाला ठाऊक नाही. या खेपेला खाईन. मीठ लावून.